सयाजीरावांचा पांढरा अंगरखा आणि आईचं पातळ

आमच्या बडोद्याच्या घरात १९११चा दिल्ली दरबार घरात घडल्यासारखा सांगितला जायचा. सयाजीराव महाराजांनी इंग्लंडचा बादशहा पंचम जॉर्ज याच्यापुढे तीनदाऐवजी एकदाच मान लववली आणि चक्क पाठ फिरवून चालू लागले. आजोबा ते उठून, काठी घेऊन करून दाखवायचे. त्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण एवढं कोण विचारतंय!

बादशहाच्या त्या भारत दौऱ्याची रंगीत फिल्म निघाली होती हे कळल्यावर मी पानावरून उठून शोधायला बसले. चार्ल्स अर्बन या फिल्म-निर्मात्यानं किनेमाकलर नावाच्या रंगीत पद्धतीनं ती काढली होती. फेब्रुवारी १९१२मध्ये लंडनच्या स्काला थिएटरात खेळ लागला, चांगला अडीच तासांचा. आज त्यातली दोनच रिळं ठाऊक आहेत: एक कलकत्त्याच्या मिरवणुकीचं, दुसरं दिल्लीतल्या फौजेच्या संचलनाचं. हे दुसरं सापडलं थेट रशियात. म्हणजे महाराज नाहीतच. हिरमुसले, पण संचलन पाहत बसले.

गंमत म्हणजे फिल्म मुळात काळी-पांढरीच. कॅमेऱ्यात लाल आणि हिरव्या काचांची चकती फिरते; एक चौकट लालमधून, पुढची हिरव्यातून, सेकंदाला सुमारे ३२. दाखवतानाही तशीच चकती. मिसळण्याचं काम आपले डोळे करतात. गोची एकच: दोन चौकटींच्या मध्ये घोडा पुढे सरकलेला असतो. मग धावणाऱ्या पायांच्या एका कडेला लाल झालर, दुसरीला हिरवी.

महाराज म्हणे त्या दिवशी दागिने उतरवून साध्या पांढऱ्या पोशाखात गेले होते. तो पांढरा किनेमाकलरमध्ये कसा दिसला असता?

दिवाळीच्या कंदिलाचा लाल आणि हिरवा जिलेटीन कागद उरला होता. आईला झोपाळ्यावर बसवलं, अंगावर तिचं बिनकाठाचं पांढरं पातळ. लाल कागद फोनच्या कॅमेऱ्यावर धरून एक फोटो, हिरवा धरून दुसरा. भाच्यानं कॉम्प्युटरवर ते एकमेकांत मिसळले. झोपाळा थांबलेला असताना पातळ पिवळट, पण एकसारखं आलं. मग आईनं पायानं हलका झोका घेतला.

तो फोटो तिनं चष्मा वर-खाली करून पाहिला. “अगं, माझ्या पातळाला हे लाल-हिरवे काठ कुठून आले?”