पोराचा टायफॉइड आणि कल्चरचा रिपोर्ट

बडोद्यात पावसाळा लागला की टायफॉइडची साथ ठरलेलीच, २०१८ ला तर महापालिकेने पाणीपुरीच बंद केली होती. यंदा आमच्या पोराचा नंबर लागला. रोज संध्याकाळी ताप १०३ च्या वर. दांडिया बाजारात घराजवळच्या एका दवाखान्यात विडाल नावाची टायफॉइडची रक्ततपासणी केली, पॉझिटिव्ह आली, लगेच ओफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकची चिठ्ठी. वहिनी लॅबमध्ये आहे, ती फोनवरच म्हणाली, "भावजी, पहिला डोस द्यायच्या आधी ब्लड कल्चर पाठवा, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघतात ती तपासणी, विडालचं काही खरं नसतं, दुसऱ्याच तापात पण पॉझिटिव्ह येते." उलट्या थांबत नव्हत्या म्हणून मुलांच्या हॉस्पिटलात नेलं, त्यांनी ॲडमिटच केलं. आधी रक्त कल्चरच्या बाटलीत, मग सेफ्ट्रिॲक्सोन या दुसऱ्या अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन.

खरी कसोटी पुढेच होती कारण इंजेक्शनं चालू होऊन पण ताप काही जाईना, आणि येणारा प्रत्येक नातेवाईक म्हणणार डॉक्टर बदला, स्ट्राँग औषध द्यायला सांगा. डॉक्टरांनी तापाचा चार्टच समोर धरला, संध्याकाळचा आकडा १०४, मग १०३.२, मग १०२.६. म्हणाले औषध बरोबर असलं तरी टायफॉइडचा ताप उतरायला चार-सहा दिवस घेतोच, खाली येतोय ना, बस. राऊंडला आले की दर वेळी पोट दाबून बघायचे, आतड्याला भोक पडायची भीती असते म्हणून.

मग कल्चरचा रिपोर्ट आला, साल्मोनेला टायफी, म्हणजे टायफॉइडचाच जंतू. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसमोर आर, म्हणजे रेझिस्टंट, आणि ओफ्लॉक्सॅसिन त्याच्याच घरातलं, म्हणजे ती चिठ्ठी चालवली असती तर बसलो असतो वाट बघत. सेफ्ट्रिॲक्सोन, ॲझिथ्रोमायसिनसमोर एस, म्हणजे ही औषधं जंतूवर चालतात. गंमत म्हणजे टायफॉइडचं जुनं औषध क्लोरॅम्फेनिकॉल पण एस! नव्वदच्या दशकात ते चालेनासं झालं म्हणून डॉक्टरांनी सोडलं, वापर कमी झाला आणि आता बरेचसे जंतू परत त्याला दाद देतात. उलट पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रिॲक्सोनला पण न जुमानणारा टायफॉइड पसरला, तिथे मुख्यतः ॲझिथ्रोमायसिन नाहीतर मेरोपेनेमसारखं महागडं इंजेक्शन एवढंच हातात उरतं. हे ऐकल्यावर स्ट्राँग औषध मागायची आमची हौस फिटली.

ताप गेल्यावर पण कोर्स पूर्ण करायला लावला, नाहीतर उलटतो म्हणे. धाकटीला टायफॉइडची कॉन्जुगेट लस देऊन टाकली, सहा महिन्यांच्या पुढे कधीही चालते, आणि तुमच्याकडे लहान पोरं असतील तर फाईल काढून बघा दिलीये का ते.