कांचनजंगा, आठ स्टडवर: सतरावा मजला

मंडळी, मुंबईतल्या पेडर रोडच्या कांचनजंगा या उंच इमारतीचं मी लेगोचं मॉडेल करतोय, त्याचं काम सतराव्या मजल्यावर आलं. दोनदा उतरवून पुन्हा रचलंय, म्हणून हिशेब सविस्तर देतो.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांची ही इमारत 1983 साली पूर्ण झाली. 28 मजले, 32 घरं, 21 मीटरचा चौरस, उंची सुमारे 84 मीटर. म्हणजे रुंदीच्या चौपट. लेगोत हे प्रमाण सुरेख बसतं: 8 स्टडची (स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा) बाजू 64 मिमी, तिची चौपट 256, आणि 256 मिमी म्हणजे बरोबर 80 प्लेट, म्हणजे लेगोचे पातळ तुकडे. पण मजल्याला एक ठोकळा, म्हणजे तीन प्लेट धरल्या तर 84 होतात. चार प्लेट कमी करायला चार मजले दोन-दोन प्लेटचेच केले. भिंती बहुतांश सलग असल्यामुळे मजल्यांच्या रेषा उठून दिसत नाहीत, म्हणून हे खपतं. त्या मजल्यांवरच्या गच्च्या तेवढ्या एका प्लेटने बुटक्या झाल्या.

खरी कसोटी कोपऱ्यांतल्या दुमजली गच्च्यांची. मूळ इमारतीत मधला गाभा सरकत्या साच्याने आधी वर नेला आणि बाकीचं बांधकाम मागून आलं. गच्च्यांचे स्लॅब खालून आधार नसताना 6.3 मीटर पुढे आलेत. मीही आधी 2×2 चा गाभा एकटाच पूर्ण उंचीचा उभा केला आणि अडकलो. स्टड फक्त वरच्या तोंडाला. बाजूने येणारी प्लेट धरणार कशाला? सगळा उतरवला आणि मजल्यामजल्याने चढत गेलो. प्रत्येक गच्चीखाली एक 4×4 प्लेट, तिचा आतला एक स्टड गाभ्यावर, समोरचा 2×2 कोपरा हवेत. मापाने अडीचच्या जवळपास स्टड हवे होते, दोनावर भागवलं. मधला भाग वरच्या ठोकळ्यांखाली दाबला जातो, त्यामुळे कोपरा बोटाने दाबला तरी सुटत नाही.

त्याआधी बळकटीसाठी कोपऱ्यांत पारदर्शक ठोकळे भरले होते. नऊ मजले झाल्यावर खिडकीत ठेवून पाहिलं आणि वाईट वाटलं. मुंबईत वारा पश्चिमेचा, समुद्राचा देखावाही तिकडेच. पण दुपारचं ऊन आणि पावसाचा झोडपाही त्याच बाजूने. जुन्या बंगल्यांनी यासाठी घराभोवती व्हरांडा फिरवला होता. कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजले उंच करून आकाशात नेला. ती पोकळी भरली की उरतो कुठलाही टॉवर. त्याच रात्री सगळे पारदर्शक ठोकळे काढले.

खिडक्यांना काळ्या 1×2 जाळीच्या टाइल लावल्यात, या मापात त्याहून बारीक काही जमत नाही. गच्च्यांच्या जागा फोटोंवरून आलेख कागदावर मांडून घेतल्या; चारही बाजूंचा कागद एकत्र ठेवा, नाहीतर कोपरे उलटे लागतात. माझे दोन लागले होते.

आता अठरावा. गच्चीतल्या झाडांसाठी हिरवी 1×1 गोल प्लेट लावून पाहिली, पण पाच प्लेट उंचीच्या पोकळीत ती फार जाड दिसते. पानांचा लहान तुकडा अर्धा कापून वापरलेला कोणी असेल, तर फोटो टाका.