आमची वाटचाल : तपासणीच्या खोलीत एसी का नाही

सोलापूरच्या पूर्व भागात, राहत्या घराच्या पुढच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही २००५ साली संगणक दुरुस्तीचे दुकान सुरू केले. मागच्या गल्लीत टॉवेलचे यंत्रमाग चालत आणि सुताचे बारीक तंतू खिडकीच्या जाळीवर पांढऱ्या लवेसारखे बसत. एप्रिल लागला की पारा चाळिशीच्या पुढे जाई आणि दुकानात एकाच तक्रारीची रीघ लागे : "मालक, सीपीयू आपोआप बंद पडतोय." आपल्याकडे सगळ्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, त्यामुळे गिऱ्हाईक नेमके कशाबद्दल बोलत आहे हे आधी विचारून घ्यावे लागते, पण या तक्रारीत बहुतेक वेळा दोन्ही अर्थ खरे ठरत, कारण डबा बंद पडे तो आतल्या खऱ्या सीपीयूमुळेच, म्हणजे सारी आकडेमोड करणाऱ्या प्रोसेसरच्या चिपेमुळेच.

त्या वेळी घरोघरी पेंटियम फोर हा प्रोसेसर होता. २००४ साली आलेल्या त्याच्या पिढीतील वरच्या चिपा ११५ वॅटपर्यंत उष्णता टाकत, म्हणजे जुन्या शंभराच्या दिव्याहून अधिक, आणि तीही नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून. एवढी उष्णता वर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या हीटसिंकने, म्हणजे पात्यापात्यांच्या ठोकळ्याने, ओढून घ्यायची आणि पंख्याने ती हवेत सोडायची, एवढाच सारा मामला असतो. या साखळीत कुठेही अडथळा आला की चिप स्वतःचा वेग कमी करते, तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद होते. हे सगळे आम्हाला पुस्तकातून माहीत होते. हाताला मात्र माहीत नव्हते.

ते शिकण्याची किंमत २००६ च्या मे महिन्यात एका शिक्षक गिऱ्हाइकाने मोजली, हे येथे लिहून ठेवणे आवश्यक वाटते. त्यांचा संगणक घरी अर्ध्या तासात बंद पडे आणि आमच्या टेबलावर दिवसभर निर्धोक चाले. आम्ही आधी एसएमपीएस, म्हणजे डब्यातला वीजपुरवठ्याचा भाग बदलला, मग रॅम बदलली आणि शेवटी सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्डही बदलून दिला. यंत्र घरी गेले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा बंद पडले. तिसऱ्या खेपेला ते टेबलावर नेहमीसारखे आडवे पडलेले असताना आमच्या सौभाग्यवतींनी, ज्या तेव्हा फक्त हिशेब बघत, सहज विचारले की सर हा डबा घरी आडवा ठेवतात का उभा. आम्ही तो उभा केला आणि वीस मिनिटांत तो बंद पडला.

कारण अगदी साधे होते. त्या वेळच्या नव्या सॉकेटवर, म्हणजे बोर्डावरच्या चिप बसवण्याच्या जागेवर, कूलर (हीटसिंक आणि पंखा यांची जोडी) चार प्लास्टिकच्या पिनांनी बोर्डाच्या छिद्रांत अडकवलेला असे. डबा आडवा असला की कूलर आपल्या वजनानेच चिपेवर टेकून बसतो; उभा केला की तोच कूलर पिनांवर लोंबकळतो. या यंत्रातील एका पिनेचे टोक तुटलेले होते, त्यामुळे उभ्या डब्यात वरचा कोपरा केसभर सुटत होता. मदरबोर्ड बदलताना आम्ही तोच कूलर पुन्हा बसवला होता. सरांचे पैसे आम्ही दोन हप्त्यांत परत केले आणि दहा-पंधरा रुपयांच्या पिनांचा संच बसवून यंत्र घरी पोहोचवले. तेव्हापासून कूलर बसवताना चारही पिना समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा "टक्" आवाज ऐकायचा आणि मग बोर्ड उलटा करून मागून पाहायचे, की पांढऱ्या पिनेची दोन्ही पाती छिद्राबाहेर नीट फाकली आहेत आणि मधली काळी सळी पूर्ण खाली आली आहे, असा आमचा नियम झाला. शेवटची चाचणी उभ्या डब्यातच होते.

त्याच आठवड्यात वही सुरू झाली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. खोलीचे तापमान, चालू करताच बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना सर्वात आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये) दिसलेले प्रोसेसरचे तापमान, पाच मिनिटांनंतरचे, अर्ध्या तासानंतरचे आणि पंख्याचे फेरे, असे रकाने सौभाग्यवतींनी आखले. दारामागे साधा भिंतीवरचा तापमापक टांगला. वर्षभराच्या नोंदी झाल्यावर त्यातून जे दिसले त्यावर आमचे दुकान आजही चालते : तापमान किती आहे यापेक्षा ते कसे चढते, हे अधिक बोलके असते. यंत्र चालू करताच दहा-वीस सेकंदांत आकडा ऐंशी-नव्वदकडे धावला, तर कूलर चिपेला नीट टेकलेलाच नाही, मग पीन तुटलेली असो, चिप आणि कूलर यांच्यामध्ये लावायची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून पापुद्रा झालेली असो किंवा नव्या कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायची राहिलेली असो. ही शेवटची चूक २००९ साली आमच्याच पोराने केली होती. आकडा अर्ध्या तासात हळूहळू चढला, तर चिप आणि कूलर यांचे जुळलेले आहे, पण उष्णतेला बाहेर जायला वाट नाही. आणि आकडा पन्नास-साठच्या घरात असताना यंत्र खटकन बंद झाले, तर उष्णतेचा नाद सोडून एसएमपीएस आणि मदरबोर्डावरचे फुगलेले कपॅसिटर (वीज साठवणारे डबीसारखे छोटे भाग) बघावेत.

वाट नसण्याची कारणे आमच्या भागात खास आहेत. ज्यांच्या घरातच माग असत, त्यांच्या संगणकाचा पंखा काढल्यावर खाली हीटसिंकची पाती दिसतच नसत. त्यांच्यावर सुताचा जो थर जमलेला असे, तो चिमटीत धरून उचलला की अखंड गोल चकतीसारखा निघे. पंखा वर जोरात फिरत असे, पण हवा त्या चकतीखाली उतरत नसे. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा लागतो, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग जाते. याखेरीज संगणकाच्या टेबलातले ते दार असलेले कपाट, ज्यात डबा भिंतीला पाठ लावून कोंडलेला असतो. आणि त्याहून नाजूक प्रकरण म्हणजे डब्यावर घातलेले क्रोशाचे कव्हर. ते बहुधा घरातल्या एखाद्या मावशींनी हाताने विणलेले असते, म्हणून "काढून टाका" असे म्हणण्याची आमची कधी छाती झाली नाही. यंत्र बंद असताना जरूर घाला, एवढेच आम्ही सांगतो.

२०११ मध्ये धंदा जरा बरा चालल्यावर आम्ही दुकानात एसी बसवला आणि त्या उन्हाळ्यात आमच्याकडून दुरुस्त होऊन गेलेली यंत्रे एकामागून एक परत येऊ लागली. काही दिवस तर पेस्टच्या नव्या ट्यूबमध्येच खोट असावी अशी आमची खात्री झाली होती. वही उघडली तेव्हा उलगडा झाला. कूलर चिपेला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त चिप आणि खोली यांच्यातला फरक कमी ठेवतो. ज्या यंत्रात हा फरक चाळीस अंशांचा आहे, ते आमच्या चोवीस अंशांच्या दुकानात चौसष्टला सुखाने चालणार आणि गिऱ्हाइकाच्या त्रेचाळीस अंशांच्या, पत्र्याखालच्या खोलीत त्र्याऐंशीला जाणार. त्या वेळच्या काही बोर्डांच्या बायोसमध्ये ठरावीक तापमानाला यंत्र बंद करण्याची सोय असे. ती मर्यादा पंचाहत्तरवर ठेवलेली असेल, तर दुकानात सगळे सुरळीत आणि घरी दुपारी दोन वाजता पडदा काळा.

त्यानंतरच्या वर्षांत तक्रारीचे रूप पालटत गेले. २०१८ च्या सुमारास अशी यंत्रे आली, ज्यांत कूलर स्वच्छ होता, पेस्ट ताजी होती, आणि कोणतेही काम चालू नसताना प्रोसेसर पूर्ण भाराने तापत होता. फुकट उतरवलेल्या गेमबरोबर परक्यासाठी आभासी चलन खणणारा, म्हणजे आपल्या यंत्राची ताकद वापरून ते कमावणारा, प्रोग्राम आत शिरला होता. कोणता प्रोग्राम किती भार टाकतो हे दाखवणारा टास्क मॅनेजर उघडताच तो गप्प बसे आणि बंद करताच पुन्हा सुरू होई. पंख्याच्या आवाजावरूनच आमच्या पोराने तो ओळखला. २०२० च्या टाळेबंदीत माळ्यावरचे जुने डबे ऑनलाइन शाळेसाठी खाली उतरले, तेव्हा बहुतेकांना ब्रश, ब्लोअर आणि मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट इतकेच पुरले. उलट आता नवे गिऱ्हाईक नव्वदचा आकडा मोबाइलवर दाखवत घाबरून येते. २०२२ साली आलेल्या रायझन ७००० या प्रोसेसर मालिकेतील वरच्या चिपा जड कामात पंच्याण्णव अंशांपर्यंत जाण्यासाठीच आखलेल्या आहेत, हे त्यांना पटवून देण्यात अर्धा तास जातो आणि त्याचे पैसे मागता येत नाहीत.

तपासणीचे शुल्क मात्र आम्ही २००७ पासून वेगळे घेतो. सुट्या भागांच्या विक्रीवर पोट अवलंबून असले की हात आपोआप नव्या मदरबोर्डाकडे जातो, हे आम्ही एकदा करून चुकलेलो आहोत. सुरुवातीला "नुसते बघायचे पैसे?" म्हणून काही जण उठून गेले. वहीतले त्यांच्याच यंत्राचे आकडे दाखवायला लागल्यापासून ते प्रमाण कमी झाले.

सध्या सहावी वही चालू आहे. दुकान २०१४ मध्ये रस्त्यावरच्या दोन गाळ्यांत हलवले आणि एसी पुढच्या गाळ्यात गिऱ्हाइकांसाठी लावला. मागच्या तपासणीच्या गाळ्यावर पत्रा आहे, दारामागे तोच जुना तापमापक आहे आणि छताचा पंखाही चाचणी चालू असताना बंद ठेवतात. मे महिन्यात आमची दोन्ही पोरे तासातासाची पाळी लावून, डोक्यावर ओला सोलापुरी टॉवेल टाकून आत बसतात आणि तिसऱ्या रकान्यात आकडा भरला की पळत पुढे येतात.