ऐरोलीच्या चिखलाचा आवाज

परवा ओहोटीच्या वेळी डेबेन नदीच्या काठाने चालले होते आणि एकदम थबकले. वास! ठाण्याच्या खाडीवरच्या ऐरोलीच्या पुलावर बसची खिडकी उघडी राहिली की येतो ना, तोच. उघड्या पडलेल्या चिखलाचा. इंग्लंडातल्या सफोकमध्ये, वुडब्रिजसारख्या टापटीप गावात, माझे डोळे भरून आले.

या गावाला लागूनच असलेल्या मेल्टनमध्ये १९४८ साली ब्रायन ईनो जन्मला. सिंथेसायझर आणि टेपवर संगीत घडवणारा. त्याच्या १९८२ च्या 'ऑन लँड' या संग्रहातल्या एका रचनेचं नाव 'लँटर्न मार्श'. ही इथून जवळच, ऑर्फर्डकडची दलदल. गुणगुणावी अशी चाल नाही, ठेका नाही. खालच्या पट्टीत पसरत जाणारा नाद, आणि त्या संग्रहात ठिकठिकाणी कालवलेले कावळ्यांच्या जातीचे पक्षी, बेडूक, किडे. घरी ऐकलं तेव्हा माझ्या हाती काहीच लागलं नव्हतं. काठावर बसून ऐकलं, तर चिखलातली बुडबुड कुठली आणि कानातली कुठली, हे वेगळं करता येईना.

इथे खाडीकाठाला मान आहे. ऑल्डबराच्या किनाऱ्यावर शिल्पकार मॅगी हॅम्बलिंग यांचा चार मीटर उंच पोलादी शिंपला २००३ पासून उभा आहे, संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या स्मरणार्थ. बघून बरं वाटतं, आणि लगेच रागही येतो. आपली ठाण्याची खाडी कशात कमी आहे? हजारोंनी रोहित पक्षी उतरतात. तिवरं आहेत, निवट्या आहेत, चिंबोऱ्या आहेत. २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं. दिवा कोळीवाड्यातले आमच्या ओळखीचे काका तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात: अष्टमी म्हणजे सहाचा सुमार. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची छोटी कधी, सगळं तोंडपाठ. मी इथे मोबाइलवर तक्ता बघते.

आणि आमच्या घरात खाडीविषयी एकच वाक्य होतं, "वास येतोय, खिडकी लाव." लावायला मीच उठायचे.

फोनवर हे सगळं सांगितलं तर आई म्हणाली, "एवढी ओढ होती तर गेलीस कशाला?" मला लागलं ते. पण ईनोसुद्धा त्या काळात न्यूयॉर्कला राहत होता. सफोकची दलदल त्याने लांब राहून मनात उभी केली. इथे आले नसते तर खाडी मला ऐकू आली असती का? मला नाही वाटत.

दादाला म्हटलं, काकांच्या होडीत बसून फोनवर आवाज धरून पाठव. काल अकरा मिनिटांची फाइल आली. वारा, पुलावरच्या गाड्यांची घरघर, वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज. सातव्या मिनिटाला काका म्हणतात, "सुकती लागली." म्हणजे ओहोटी. मग बराच वेळ कोणीच बोलत नाही, नुसता चिखल वाजत राहतो.