ब्लॉक लांब का जातो?

आज टेबल टेनिसच्या सरावात पुन्हा तेच दिसलं: समोरून जोरदार टॉपस्पिन (पुढच्या दिशेने गरगरत येणारा चेंडू) आला की रॅकेट मागे जाते आणि बॅकहँड ब्लॉक (हाताची मागची बाजू पुढे ठेवून चेंडू नुसता अडवून परत पाठवणं) थेट टेबलाबाहेर. अहो, ब्लॉकला बॅकस्विंग लागतच नाही; वेग समोरच्याचाच वापरायचा. टेबलापासून हातभर अंतर, कोपर जरा पुढे, पकड सैल. चेंडू टप्पा पडून वर चढत असतानाच, पोटासमोर घ्यायचा. उशीर झाला की तो अंगावर येतो, मनगट वळतं, कोन बिघडतो. स्पिन जितका जास्त, तितकी रॅकेट पुढे झुकलेली. लांब जातोय? अजून झुकवा. जाळीत जातोय? लगेच कोन उघडू नका, म्हणजे रॅकेट वरच्या बाजूला वळवू नका; आधी चेंडू उशिरा घेताय का ते बघा. बहुतेकदा तेच असतं! आणि मूठ आवळली की हलका ब्लॉकसुद्धा उसळतो.