वरातीची सवय आणि कालिया मर्दन

मी बँडवाला. लग्नसराईत कॅसिओ, भजनाला पेटी, आणि चातुर्मासात जे मिळेल ते. तर गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी अमळनेरकडच्या एका वाचनालयाने फाळकेंचा 'कालिया मर्दन' दाखवायचं ठरवलं, 1919 चा मूकपट. मला म्हणे भाऊ, तुम्ही पडद्यासमोर बसून पेटी वाजवा, पूर्वी थेटरात असंच असायचं ना. असायचंच की, 1931 ला 'आलम आरा' बोलला तेव्हापासून त्या पेटीवाल्या-तबलेवाल्यांचा धंदा बसत गेला. हो म्हटलं, वर भाच्याला ढोलकी घेऊन यायला सांगितलं.

तयारी मी फोनवर केली. कागदावर मिनिटं मांडली, अमुक मिनिटाला लोणीचोरी, तमुकला कृष्णाची डोहात उडी, प्रत्येकासमोर धून. लग्नाचा प्रोग्राम लिहितो तसंच. फोनवर माणसं पळत होती, मला वाटलं जुनं पिक्चर असंच असतं.

संध्याकाळी सुरू झालं आणि दोनच मिनिटांत पोटात गोळा आला. पडद्यावरची माणसं नीट चालत होती! तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण 16-18 फ्रेम, ते 24 ने चालवलं की सगळी पळायला लागतात. वाचनालयवाल्यांनी बरोबर स्पीडची फाईल आणली होती, माझ्याकडची पळणारी. म्हणजे 24 ने दहा मिनिटांत संपणारा तुकडा 16 ने पंधरा मिनिटं चालतो. माझी लोणीचोरीची धून संपली तरी पोरं चोरतायतच. भाचा माझ्याकडे बघतोय, मी कागदाकडे.

कागद पेटीखाली सरकवला. म्हटलं वरात समज. वरातीत आपण घड्याळ बघतो का? नाचणाऱ्याच्या पायाकडे बघतो, पाय जड पडला की ठेका ओढतो, नवरदेवाचा घोडा अडला की तीच ओळ परत. शेठजी आणि शेठाणी झोपलेले असताना कृष्ण त्यांचे केस एकमेकांना बांधतो ना, तिथं मी फक्त एक सूर धरून ठेवला, भाता अगदी हळू, भाच्याने ढोलकीवर नुसतं नख फिरवलं, आणि दोघं ओढाताण करत उठले तेव्हा थाप. हॉल हसून आडवा.

खरी गंमत डोहात. कृष्ण पाण्याखाली कालियाशी झटतोय, मध्येच काठावर यशोदा आणि गाव रडतंय, परत खाली, परत काठ. मी आधी दर वेळी धून बदलली, खाली जोरात, वर रडवी, चार वेळात माझं मलाच कळलं की हे चॅनल बदलल्यासारखं झालंय. मग यशोदेचीच धून धरली आणि सोडली नाही, खाली मारामारी चालू असतानाही तीच, फक्त ढोलकी आतून वाढत गेली. मारामारीला आईचं रडं वाजवायचं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. पण पहिल्या रांगेतली एक आजी, नऊवारीचा पदर तोंडाला लावून, मोठ्यानं म्हणाली, "पोऱ्या बुडी गया वं माय!" आणि शेजारच्या दोघी रडायला लागल्या. कथा तर पाळण्यापासून माहीत त्यांना.

त्यात माझ्या पेटीची मध्यमाची पट्टी श्रावणातल्या ओलीने दबून बसली, अंगठ्याने वर काढत शेवट गाठला. कृष्ण कालियाच्या डोक्यावर नाचायला लागला तसा भाच्याने सरळ वरातीचा ठेका धरला, मी डोळे वटारले पण बायका टाळ्या देतायत म्हटल्यावर काय बोलणार.

शेवटी वाचनालयाच्या सरांनी सांगितलं की कृष्ण झालेली फाळक्यांची लेक मंदाकिनी. आजी मला शोधत आली. म्हणाली, "पोर व्हती का ती? इतला येळ माले सांगानं ना!" जसं काय मीच लपवून ठेवलं होतं.

दहीहंडीला वाजवताना भाचा सारखा विचारतोय, मामा, यशोदेचं वाजवू का.