काकांचं जुनं जॉन्सन आज सुरू झालं!

पानशेतला काका होडीला लावायचे ते जॉन्सन आउटबोर्ड इंजिन कित्येक वर्षं पार्किंगच्या कोपऱ्यात पडून होतं. आज ते सुरू झालं. अजून हाताला पेट्रोलचा वास येतोय आणि मी प्रचंड खूश आहे.

मुख्य दुखणं मॅग्नेटोचं, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या भागाचं. त्यावरचं फ्लायव्हील (जड चाक) काढलं तर पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) गंजलेले, कॉइल तडकलेली. पॉइंट घासून गॅप ०.०२० इंच ठेवली, कॉइल बदलली, आणि प्लगला काय सुंदर निळी ठिणगी आली!

गिअर ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे सीलमधून पाणी आत जात होतं. सील नाना पेठेत मापावर मिळालं.

पण सगळ्यात महत्त्वाचा वॉटर पंप. या इंजिनाला रेडिएटर नसतो, होडीखालचं पाणीच ओढून ते थंड राहतं. पंपातल्या रबरी इम्पेलरची (पाणी ढकलणाऱ्या चक्राची) पाती कडक होऊन वाकलेली होती, तो नवाच घातला. कुणाकडे असं इंजिन असेल तर कृपा करून कोरडं चालवू नका, इम्पेलर लगेच जातो. पाण्याच्या ड्रममध्येच लावा.

काकांना फोनवर आवाज ऐकवला. म्हणाले, "रिच चालतंय रे, स्लो नीडल थोडी आत घे."

म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय, कार्ब्युरेटरची संथ वेगाची सुई आत फिरवून ते कमी कर. घेतली. एकदम सुरळीत!